ढालीवर एकदा गोळी झाडून बघा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी भाचा घरी आला तो वर्दीतच. रात्रभर नाकाबंदी करून पथक परत निघालं होतं, वाटेत मामाचं गाव म्हणून चौघं जण टेकले. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस पानात पडल्यावर दहा मिनिटांचा तास झाला. गाडी दारासमोर उन्हात उभी, काचा वर केलेल्या. निघताना त्याने मागचं दार उघडलं, तशी भट्टीसारखी वाफ बाहेर आली आणि सीटमागे आडवी टाकलेली काळी ढाल मला दिसली.

"बुलेटप्रूफ आहे का रे?" मी विचारलं.

"म्हनतस, मामा," तो म्हणाला.

मी हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे, त्यामुळे कपाटात प्रयोगशाळेचं एक जुनं थर्मामीटर अजून पडून असतं. ते आणून ढालीवर आडवं ठेवलं, दार लावून घेतलं आणि पाच मिनिटांनी पाहिलं. पारा ६१ वर होता. बाहेर सावलीत ४२ होतं. मग ढाल ओट्यावर काढून नीट पाहिली. समोर बघायची जाड काच पिवळसर पडलेली, तिच्या खालच्या कोपऱ्यात दुधी डाग, म्हणजे आतले थर एकमेकांपासून सुटायला लागलेले. कडेची रबरी पट्टी वीतभर उकललेली. आतून हात अडकवायचा पट्टा कुणीतरी जाड दोऱ्याने पुन्हा शिवलेला. मागच्या कागदी लेबलावर बनवणाऱ्याचं नाव ओळखता येत होतं, पण वर्ष पुसून गेलं होतं.

भाचा माझ्याकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "मामा, हाई गोयी अडावस का नही, हाई माले कोन सांगी?"

हा लेख त्या एका वाक्यापायी लिहितो आहे. ही ढाल गोळी अडवते की नाही, हे त्याला कुणी सांगायचं? ज्या दुकानदाराने विकली त्याने? ज्या कार्यालयाने कागद पाहून घेतली त्याने? की पहिल्यांदा तिच्यावर गोळी येईल त्या रात्रीने?

माझं म्हणणं सरळ आहे. पोलिसांच्या हातात जाणाऱ्या ढालींची प्रत्येक खेप, तिच्यातल्या हाताला येतील त्या दोन-तीन ढाली काढून, त्यांच्यावर गोळ्या झाडून तपासावी. नवी असताना तपासावी आणि गाड्यांमध्ये काही उन्हाळे काढल्यावर पुन्हा तपासावी. आपल्या भागात ज्या गोळ्या उडतात त्याच झाडाव्यात, आणि निकाल ज्याच्या हातात ढाल आहे त्याला सांगावा. प्रमाणपत्राची फाईल म्हणजे चाचणी नव्हे.

खान्देशात हा प्रश्न पुस्तकी नाही. सातपुड्याच्या कुशीत, चोपडा तालुक्याच्या हद्दीला लागून, पलीकडे मध्य प्रदेशात पारउमर्टी आहे. गावठी कट्टा आणि उमर्टी ही जोडी जळगाव, धुळे, नंदुरबारच्या वर्तमानपत्रांत इतकी नेहमीची झाली आहे की वाचणारा पान उलटतो. कारवाई होते, दोन पिस्तुलं आणि चार जिवंत काडतुसं सापडतात, टेबलावर मांडून फोटो निघतो. पण २०२५ च्या फेब्रुवारीत चोपडा ग्रामीणचं पथक त्या हद्दीवर कारवाईला गेलं, तेव्हा त्यांच्यावर जमाव चालून आला, हवेत गोळीबार झाला आणि एका पोलिसाला ओढून पलीकडे नेण्यात आलं. काही तासांनी त्याची सुटका झाली. त्या दिवशी गोळी हवेत गेली. ती समोरच्या माणसावर गेली असती तर त्याच्यापाशी काय होतं, हे विचारायला नको का? (इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. एखादं गाव किंवा एखादा समाज म्हणजे गुन्हेगार, असं माझं म्हणणं नाही. लोखंडात कसब असलेल्या हातांना दुसरं काम मिळावं, हा वेगळा आणि मोठा विषय आहे.)

आता हा कट्टा म्हणजे नेमकं काय, हे समजून घेतल्याशिवाय ढालीचं बोलता येत नाही. पकडलेल्या शस्त्रांत मॅगझिनचं ७.६५ मिलिमीटरचं पिस्तूल असतं, तसा एकनळी कट्टाही असतो. ७.६५ ची गोळी हलकी, पावणेपाच ग्रॅमच्या आतबाहेर, वेग सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास. चांगल्या ढालीला ती जड नाही. पण एकनळी कट्टा पुष्कळदा थ्री फिफ्टीनच्या (.३१५ बोर) काडतुसावर चालतो, आणि ते काडतूस मुळात रायफलचं. गोळी मोठी, दारू भरपूर, नळी मात्र वीतभर. दारू पुरती जळायच्या आत गोळी बाहेर पडते, म्हणून रायफलीइतका वेग तिला येत नाही. शिवाय नळीला आतून आटे नसले तर गोळी सरळ न जाता डुगडुगत, कधी आडवी होऊन आदळते. काही कट्टे बारा बोरचे असतात. म्हणजे समोरच्याच्या हातात दिसतं ते पिस्तूल, पण त्यातून काय येईल ते कारखान्याच्या कोणत्याही तक्त्यात बसत नाही.

आणि ढाल तर तक्त्यावरच विकली जाते. जगभर ढालींवर 'थ्री ए' असा शिक्का दिसतो. तो अमेरिकेच्या राष्ट्रीय न्याय संस्थेच्या १९८५ सालच्या एका मानकातून आला आहे. त्यात थ्री ए पातळी म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्वरसारख्या हातातल्या शस्त्रांची वरची पायरी. ९ मिलिमीटरची ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ४२६ मीटर वेगाने आणि पॉइंट फोर्टी-फोर मॅग्नमची साडेपंधरा ग्रॅमची गोळी तेवढ्याच वेगाने, पाच मीटरवरून झाडायची. ढालीमागे १५ सेंटीमीटरवर अर्धा मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा लावायचा. त्या पत्र्याला उजेड दिसेल असं भोक पडलं तर ढाल नापास, नाही पडलं तर पास. रायफल या पातळीत येतच नाही. ७.६२ ची रायफलची गोळी याच मानकात वेगळ्या पायरीवर आहे, कारण तिची ऊर्जा ९ मिलिमीटरच्या साडेचार पटींहून जास्त भरते.

मानक वाईट नाही. पण ते काय सांगतं आणि काय सांगत नाही, हे ढाल हातात घेणाऱ्याला कुणी समजावून सांगितलेलं नसतं. भाच्याला 'बुलेटप्रूफ' एवढा एकच शब्द माहीत होता. एके-४७ समोर आली तर थ्री ए ची ढाल पुढे करून उभं राहायचं नाही, आडोसा धरायचा, हे त्याला मी सांगितलं. सांगताना मला लाज वाटली, कारण हे सांगणं माझं काम नव्हतं.

पत्र्याच्या त्या पंधरा सेंटीमीटरपाशी जरा थांबतो, कारण मला यातली सगळ्यात मोठी उणीव तिथे दिसते. ढालीमागे पंधरा सेंटीमीटरवर काय असतं? काहीच नसतं. माणसाचा हात त्याहून कितीतरी जवळ, पट्ट्यात अडकवलेला, ढालीच्या पाठीपासून दोन-चार बोटांवर असतो. गोळी अडली, भोक पडलं नाही, तरी त्या जागी ढालीची पाठ क्षणभर फुगते. तो फुगवटा कोपराखालच्या हाडावर आदळला तर?

आकडेमोड शाळेतलीच आहे. ८ ग्रॅम आणि ४२६ मीटर धरले तर गोळीची ऊर्जा सव्वासातशे ज्यूल भरते. क्विंटलभराचं पोतं पाऊण मीटर उचलायला लागते तेवढी. सिनेमात दाखवतात तसा माणूस मागे उडत नाही. गोळीचा संवेग आठ किलोच्या ढालीत वाटला गेला की ढालीला सेकंदाला अर्धा मीटरसुद्धा वेग येत नाही, हातात नुसता ढकलल्यासारखा धक्का जाणवतो. पण हे झालं सगळ्या ढालीचं. जिथे गोळी बसली तिथल्या तळहाताएवढ्या भागात पहिल्या क्षणी जे होतं ते वेगळं. ती सगळी ऊर्जा तिथल्या थरांना ताणत, फाडत, फुगवत जिरते, आणि हे पापणी लवायच्या कितीतरी आधी होऊन जातं. तेवढ्यात मागे हाड असेल तर ते मोडू शकतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ढालीमागच्या हाताला होणाऱ्या या इजेवर संशोधन झालं आहे, म्हणजे ही माझी कल्पना नाही. बुलेटप्रूफ जॅकेटच्या चाचणीत या फुगवट्याची दखल केव्हाची घेतली जाते. जॅकेट खास मळलेल्या मातीवर बांधून गोळी झाडतात आणि मातीत पडलेला खड्डा मोजतात. अमेरिकी मानकात तो ४४ मिलिमीटरहून खोल चालत नाही. ती माती बरोबर मऊ आहे का, हे बघायला सुमारे एक किलोचा पोलादी गोळा दोन मीटरवरून तिच्यावर टाकून बघतात. छातीसाठी इतकी काळजी. ढालीसाठी जुन्या मानकात हा खड्डाच नाही, नुसता पत्रा आहे. मोडलेल्या डाव्या हाताने आठ किलोची ढाल कोण धरून ठेवणार? ती खाली गेली की उरलेल्या गोळ्या थेट अंगावर.

म्हणून आपल्याकडे चाचणी होईल तेव्हा पट्ट्याच्या बरोबर समोर, मुठीच्या बोल्टवर, काचेच्या चौकटीवर आणि कडेपासून दोन बोटं आत गोळ्या झाडायला हव्यात. ढालीचा मधला सपाट भाग कुणाचाही पास होतो. ढाल तुटते ती जिथे दोन गोष्टी जोडल्या जातात तिथे. घागर घेताना बाई ती पोटावर टिचकी मारून घेत नाही, गळ्यापाशी आणि बुडाशी वाजवून घेते.

आता ऊन. खान्देशातल्या माणसाला हे सांगायला नको. जळगाव-भुसावळचा मे महिना ४४-४५ अंशांचा, आणि बंद उभ्या गाडीत त्याच्यावर आणखी पंधरा-वीस सहज चढतात. हलक्या ढाली आता बहुतेक पॉलिथिलिनच्या अतिशय मजबूत धाग्यांचे थर दाबून बनवतात. लोखंडापेक्षा हलक्या म्हणून त्या चांगल्याच. पण हा धागा १४५ अंशांच्या आसपास वितळतो आणि त्याची ताकद त्याच्या पुष्कळ आधी, सत्तर-ऐंशीपासूनच उतरायला लागते. दुसरा धागा ॲरामिडचा. तो उष्णता सोसतो, पण ऊन आणि ओल त्याला मारतात. थर चिकटवणारा डिंक आणि काचेतलं पॉलिकार्बोनेट यांची गोष्ट आणखी वेगळी. पोलिसांच्या गाडीत ही ढाल मेमध्ये तापते, जुलैत भिजते, डिसेंबरात पहाटेच्या गारठ्यात आखडते आणि वर्षभर खड्ड्यांतून आदळते. तिचं तीन वर्षांचं आयुष्य म्हणजे प्रयोगशाळेतल्या वातानुकूलित खोलीतलं तीन वर्षांचं आयुष्य नव्हे.

हे परदेशात कुणाला सुचलं नाही असं नाही. २००८ च्या अमेरिकी जॅकेट मानकात नवी जॅकेटं ६५ अंश तापमानात, ८० टक्के दमट हवेत, एका फिरत्या पिंपात दहा दिवस ७२ हजार फेरे घुसळून मग त्यांच्यावर गोळ्या झाडतात. ६५ अंश! तिकडे हा मुद्दाम केलेला छळ आहे. आमच्या दारात आखाजीच्या दुसऱ्या दिवशी ६१ होतं.

आणि तो छळ मानकात का आला, त्यामागे एक धडा आहे. झायलॉन नावाचा धागा एकेकाळी फार नावाजला होता. हलका, मजबूत, नव्या जॅकेटची चाचणी उत्तम पास. २००३ साली अमेरिकेत पेन्सिल्वेनियामधल्या एका पोलीस अधिकाऱ्याच्या अंगावरचं असंच जॅकेट गोळीने भेदलं. मग वापरातली झायलॉनची जॅकेटं गोळा करून सरकारने तपासली, तेव्हा १०३ पैकी ६० जॅकेटांतून किमान एक गोळी आरपार गेली. धागा उष्णता, ओल आणि उजेडाने आतल्या आत कुजत होता आणि बाहेरून काही दिसत नव्हतं. २००५ मध्ये झायलॉनला मानकातून काढलं. त्या १०३ मधल्या एकाही जॅकेटच्या कागदात खोट नव्हती. नवं असताना प्रत्येक जॅकेट पासच होतं. खोट कळली ती वापरलेल्या जॅकेटवर गोळी झाडल्यावर. माझ्या ओट्यावर पडलेल्या ढालीच्या काचेतला दुधी डाग बघताना मला तेच आठवत होतं.

आपल्याकडे काहीच नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. भारतीय मानक ब्युरोने २०१८ साली बुलेटप्रूफ जॅकेटसाठी आपलं स्वतःचं मानक आणलं, आयएस १७०५१. चंडीगडला संरक्षण संशोधन संस्थेची टर्मिनल बॅलिस्टिक्स प्रयोगशाळा आहे, कानपूरची प्रयोगशाळा जॅकेटं घडवते, गांधीनगरच्या न्यायवैद्यक विद्यापीठात चाचणीची सोय आहे. माणसं हुशार आहेत. पण मानक जॅकेटचं आहे, आणि ढाल म्हणजे मोठं जॅकेट नव्हे. शिवाय प्रयोगशाळेत जातो तो नमुना. बनवणारा चांगल्यातला चांगला तुकडा पाठवतो, तो पास होतो आणि त्याच्या नावावर पुढे शेकडो निघतात. आमच्याकडे बियाण्याची पिशवी प्रमाणित असली तरी पेरणीआधी शेतकरी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघतो. पिशवीवर शिक्का असतो हे त्यालाही ठाऊक असतं. पण पेरायची असते ती त्याच्या घरात आलेली पिशवी, म्हणून तो तीच तपासतो. जळगावच्या सराफ बाजारात हॉलमार्कचं सोनंसुद्धा मोडीला आलं की पुन्हा तपासलं जातं. ज्या वस्तूवर जीव टांगलेला आहे ती मात्र आपण खोक्यातून काढून सरळ गाडीत टाकतो.

आणि हे सगळं कुठे? त्या खान्देशात, जिथे वरणगाव आहे. भुसावळजवळची वरणगावची आयुध निर्माणी देशाच्या सैन्याला लहान शस्त्रांची काडतुसं पुरवते. १९६२ च्या चीन युद्धानंतर ती उभी राहिली, आमच्या भागातल्या किती घरांचा संसार तिच्या पगारावर चालला. काडतूस बनवणाऱ्या कोणत्याही कारखान्यात माल बाहेर पडण्याआधी प्रत्येक खेपेतली काही काडतुसं काढून झाडून बघतात. वेग मोजतात, दाब मोजतात, निशाण बघतात. खेपेतली थोडी गेली तर गेली, सैनिकाच्या हातात फुसकं काडतूस जाता कामा नये. हा साधा नियम आहे आणि त्याला कुणी उधळपट्टी म्हणत नाही. मग जी वस्तू गोळी अडवायची आहे, तिच्या खेपेला हा नियम का नाही? गोळीची परीक्षा घ्यायची आणि ढालीवर विश्वास ठेवायचा, हे उलटं आहे.

मला वाटतं सुरुवात इथूनच व्हावी. वरणगावसारख्या ठिकाणी गोळी झाडायची सुरक्षित जागा आणि वेग मोजायचं ज्ञान दोन्ही आहे. धुळ्याला राज्य राखीव दलाचा गट क्रमांक ६ आहे, पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. अशा ठिकाणी चंडीगड किंवा गांधीनगरच्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वर्षातून एकदा तीन जिल्ह्यांच्या ढालींची चाचणी करणं अशक्य नाही. गृह खात्याने आणि निर्माणीने बसून ठरवायचं आहे. कोणत्या गोळ्या झाडायच्या हेही अंदाजाने ठरवू नये. तिन्ही जिल्ह्यांत पकडलेल्या कट्ट्यांची नोंद ठाण्यांत आहे, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेच्या अहवालांत आहे. कोणत्या बोरचे किती, नळी केवढी, हे एका तक्त्यात मांडलं की यादी तयार. त्यात थ्री फिफ्टीन वर आला तर त्या आखूड नळीतून येणारा खरा वेग मोजून तेवढ्या वेगाने ढालीवर झाडा. अडली तर उत्तम. नाही अडली तर निदान भाच्याला कळेल की या ढालीमागे कुठवर थांबायचं.

गोळी अडते का, एवढंच बघूनही भागत नाही. काठाचा अंदाज घ्यायचा असतो. त्यासाठी वेग हळूहळू वाढवत नेतात आणि कोणत्या वेगाला निम्म्या गोळ्या आरपार जायला लागतात ते काढतात. नव्या ढालीचा हा आकडा लिहून ठेवला आणि तीन उन्हाळ्यांनी त्याच खेपेतल्या जुन्या ढालीचा पुन्हा काढला, की ती किती म्हातारी झाली ते आकड्यातच दिसतं. मग मुदत कुणाच्या लहरीवर राहत नाही.

चाचणीत माणूसही हवा, अर्थात गोळी ढालीवर येत असताना नव्हे. ढाल डाव्या हातात गेली की ज्या पिस्तुलाला दोन हातांनी धरायची सवय लावली, ते एकाच हातात उरतं. आपल्या पोलिसांकडचं ९ मिलिमीटरचं पिस्तूल भरलेलं असताना किलोभर भरतं. एका हाताने नेम, ढालीच्या कडेवरून नळी किती पुढे काढायची, काचेतून डोळा लावला तर पिस्तुलावरच्या नेमाच्या खुणा दिसतात का, पिस्तूल अडकलं किंवा मॅगझिन संपलं तर ढाल न सोडता बदलायचं कसं? रात्री पिवळी काच, त्यात चष्मा, त्यात घाम. भाच्याला मी विचारलं, ढाल धरून कधी फायरिंग केलंस का? नाही, म्हणाला. वर्षाच्या सरावात तो मोकळ्या हातांनी उभा राहून कागदी माणसावर झाडतो. ज्या ढालीमागून प्रत्यक्ष गोळी झाडायची, तिच्यामागून त्याने एकदाही झाडलेली नाही. काही ढालींची काच अशा उंचीवर असते की साडेपाच फुटांचा माणूस बघायला गेला तर त्याचे पाय उघडे पडतात. हे फक्त प्रत्यक्ष सरावात कळतं, म्हणून ढाल घेण्याआधी चार शिपायांच्या हातात ती तासभर द्यावी. अधिकाऱ्यांच्या नव्हे, शिपायांच्या.

याला लोक काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. पहिलं, चाचणीत ढाल वाया जाते. जाते. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून नव्या गाड्या येतात, हिरवा झेंडा दाखवला जातो. त्या गाड्यांच्या किमतीपुढे दोन-तीन ढाली काय आहेत? यावर जास्त बोलायची गरज मला वाटत नाही.

दुसरं म्हणणं वजनदार आहे. निकाल उघड केले तर गुन्हेगारांना कळेल की ढाल कुठे कच्ची आहे. हे मी मान्य करतो. कोणत्या जागी गोळी गेली, हे वर्तमानपत्रात छापू नये. पण कोणत्या खेपेची चाचणी कधी झाली, पास झाली की नाही, तिची मुदत कधी संपते, एवढं प्रत्येक ढालीवर ठसठशीत कोरलेलं असायला काय हरकत आहे? कागदी लेबल नको, ते पुसतं. नापास झालेली ढाल गाडीतून निघाली पाहिजे, हे गुपित ठेवून कुणाचं भलं होतं? गुपिताच्या नावाखाली झाकली जाते ती पुष्कळदा खरेदी.

तिसरं म्हणणं माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागतं, कारण ते पोलिसांतलेच लोक बोलतात. "आपल्याकडे कुठे रोज गोळीबार होतो? आमचं संकट दगडाचं." खरं आहे, दगडाचंच जास्त. पण दगडाची ढाल आणि गोळीची ढाल वेगळी, आणि लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. गोळीबार रोज होत नाही म्हणूनच ढाल वर्षानुवर्षं न वापरता पडून राहते, आणि पडून राहिलेल्या वस्तूचं खरंखोटं झाडून बघितल्याशिवाय कळत नाही. २ जुलै २०२० च्या मध्यरात्रीनंतर कानपूरजवळच्या बिकरू गावात पथक एका माणसाला पकडायला गेलं होतं. नेहमीच्याच कारवाईसारखी कारवाई. छपरांवरून गोळ्या आल्या आणि आठ पोलीस गेले.

महाराष्ट्राला तर हे मी सांगायला नको. २६ नोव्हेंबर २००८ ला हेमंत करकरे अंगावर जॅकेट चढवताना सगळ्या राज्याने टीव्हीवर पाहिले. पुढे ते जॅकेटच रुग्णालयातून नाहीसं झालं, आणि ते कसं होतं, कुठून घेतलं होतं, हे विचारायला कविता करकरे यांना माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा लागला. पतीला काय घालायला दिलं होतं, हे विचारायला पत्नीला अर्ज करावा लागतो, याची जखम अजून बुजलेली नाही. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी एके-४७ ची नळी धरली तेव्हा त्यांच्या हातात लाठी होती. त्यांच्या शौर्यापुढे मी नतमस्तक आहे. पण एखाद्याच्या शौर्याचा आधार घेऊन बाकीच्यांना कच्च्या ढालीमागे उभं करायचा अधिकार कुणालाच नाही.

भाच्याच्या गाडीतली ढाल मी त्या दिवशी ओली गोणी टाकून सावलीत ठेवली होती. जाताना त्याने ती पुन्हा सीटमागे टाकली, दुसरी जागाच नव्हती. मी त्याला सांगितलं, ठाण्यात लेखी दे, खेप आणि वर्ष विचार. तो हसला आणि "बघू, मामा" म्हणाला. शिपाई लेखी विचारू शकत नाही, हे मलाही कळतं. म्हणून आपण विचारायचं. आपल्या आमदाराला, पालकमंत्र्याला, नियोजन समितीला, ग्रामसभेतसुद्धा. पुढच्या मे महिन्याआधी तिन्ही जिल्ह्यांतून सगळ्यात जुन्या ढाली गोळा करा, दुपारी दोन वाजता त्यांच्यावर गोळ्या झाडा आणि ज्यांच्या गाड्यांतून त्या आणल्या, त्या शिपायांना तिथे उभं राहून बघू द्या. दुधी डागाची ती एक त्यांत असू द्या.